रोबोटची लिफ्ट एका बाजूला कलून अडकते : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

आम्ही सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारे पाच विद्यार्थी असून, स्पर्धेच्या रोबोटवर वजन उचलणारी यंत्रणा बसवताना अडलो आहोत. सुरुवातीला रोबोट ४५ सेंमी उंचीत मावला पाहिजे आणि नंतर त्याने ७५ सेंमी उंचीच्या फळीवर ठोकळा ठेवला पाहिजे, अशी अट असल्यामुळे आम्ही दोरीवर चालणारी दोन टप्प्यांची लिफ्ट केली आहे. त्यासाठी फर्निचरच्या खणांना लावतात ते ४० सेंमीचे टेलिस्कोपिक चॅनेल वापरले असून, दोन्ही बाजूंना १२ व्होल्टची एकेक गिअर मोटर आणि २ सेंमी त्रिज्येचे रीळ आहे.

एक चूक आमची आम्हालाच सापडली. पंजा व ठोकळा धरून वरचा टप्पा १.८ किलो आणि मधला ०.६ किलो, म्हणजे २.४ किलोच ओढायचे आहेत, असे आम्ही धरले होते. परंतु मधला टप्पा जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट वरचा सरकतो, त्यामुळे त्याचे वजनही मोटरीला दुप्पट जाणवते. घर्षण सोडून ओढ ४.२ किलो, म्हणजेच दोन्ही मोटरींवर मिळून ८.४ किलो-सेंमी टॉर्क (फिरवण्याचा जोर) येतो. त्या हिशेबाने मोटरी बदलल्यापासून त्या तापत नाहीत.

खरी अडचण कलण्याची आहे. एकाच जातीच्या असूनही दोन्ही मोटरी सारख्या वेगाने फिरत नाहीत आणि बॅटरी उतरू लागली की प्रोग्राममध्ये केलेली जुळवणीही बिघडते. एक बाजू बोटभर पुढे गेली की, रुंद खण एका कोपऱ्याला धरून ओढल्यावर जसा अडकतो, तशी लिफ्ट अडकते. डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये ३० सेंमी अंतर आहे आणि पूर्ण वर गेल्यावर चॅनेल एकमेकांत जेमतेम ७ सेंमी उरतात, हेही कारण असावे असे मला वाटते. एकच मोटर घेऊन दोन्ही रिळे एका शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) बसवावीत, की आधी चॅनेल जवळ आणावेत?

दुसरे म्हणजे, वीज बंद होताच लिफ्ट खाली घसरते. कारच्या काचा वर-खाली करणाऱ्या मोटरीत वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला, भाराने सहसा उलटा न फिरणारा गिअर) असतो आणि वीज नसली तरी काच जागीच राहते, म्हणून भंगारातून तशी मोटर आणण्याचा विचार आहे. आमच्यातील एकाचे काका चादरीच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) आहेत. त्यांनी मागाची जुनी स्प्रिंग लावून वजन पेलण्याचा उपाय सुचवला. मात्र स्प्रिंगची ओढ लांबीनुसार बदलते, त्यामुळे वर पोचल्यावर ती कमी पडेल अशी मला शंका आहे. वजनाच्या मर्यादेमुळे उलट बाजूला प्रतिभार टांगता येणार नाही.

शाफ्ट कातून घ्यायचा तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतील वर्कशॉपला शनिवारपर्यंत मापे द्यावी लागतील. तेव्हा ३० सेंमी लांबीसाठी ८ मिमी व्यास पुरेल की तो पिळला जाईल, एवढे तरी जाणकारांनी कृपया आधी सांगावे.