स्टर्ट्स डेझर्ट पी फक्त साउथ ऑस्ट्रेलियाचं नाही
स्टर्ट्स डेझर्ट पी हे ऑस्ट्रेलियातलं रानफूल मूळचं साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचं असं कुणी म्हणतं, कारण ते तिथलं राज्यफूल आहे. राज्यफूल आहे हे खरं, १९६१ पासून, पण त्याची रेंज फार मोठी आहे हो. व्हिक्टोरिया सोडला तर मुख्य भूमीवरच्या सगळ्या राज्यांच्या कोरड्या भागात ते रानात उगवतं, पार वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागाच्या लाल मातीपर्यंत. आणि त्याचे सगळ्यात जुने नमुने तर पश्चिमेचेच, विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने १६९९ मध्ये तिथल्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरून नेलेले, ते आजही ऑक्सफर्डला जपून ठेवलेत. ज्या चार्ल्स स्टर्ट या शोधप्रवाशाचं नाव फुलाला मिळालं तो वाळवंटात पोचला १८४४ ला, म्हणजे जवळपास दीडशे वर्षांनी! डॅम्पियरचं नाव या फुलाबरोबर कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बी रुजत नाही म्हणणाऱ्यांसाठी, हे आपल्या वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातलं, पण बीचं कवच भयंकर टणक असतं, त्यामुळे एका पावसात सगळं बी उगवून येत नाही, बरंचसं मातीत वर्षानुवर्षं थांबतं, आणि दुष्काळी भागात ही जात टिकलीये ती त्याच्यामुळेच. म्हणून पेरताना बी सॅण्डपेपरवर हलकं घासायचं किंवा गरम पाण्यात भिजत घालायचं, आणि थेट मोठ्या खोल कुंडीतच लावायचं, कारण सोटमूळ भराभर खाली जातं आणि रोप नंतर हलवलेलं त्याला अजिबात चालत नाही.