टँगो, फुगडी आणि उलटा लागलेला निकाल

ग्रुप: माहेर मंडळ
६ मार्च २०२३, होळी

*संध्याकाळी ७:३४*

मावशी (कॅलगरी): शुभ सकाळ मंडळी, म्हणजे तुमची संध्याकाळ. आमच्याकडे सुतक असल्यासारखी शांतता आहे. पिल्लू दुधाचा वाडगा समोर घेऊन नुसती बसली आहे. कॅनडा तिसरा आला.

मामा: कॅनडा क्रिकेट कधीपासून खेळायला लागला?

ताई: मामा, आइस डान्स!! स्केट्स घालून बर्फावर जोडीने नाचतात तो. ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिप. मावशीने आठवडाभर फोटो टाकलेत, उघडले नाहीस ना?

मामा: उघडले की. मला वाटलं पिल्लूच्या शाळेचं गॅदरिंग

मावशी (कॅलगरी): दादा!! जागतिक स्पर्धा घरापासून वीस मिनिटांवर आलेली. विनस्पोर्टच्या रिंकवर. कष्टाने तिकिटं काढली.

बाबा: विनस्पोर्ट म्हणजे १९८८च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेला तो परिसर ना? त्याच कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये आपली शैलजा कुमार स्कीइंगच्या स्लॅलम शर्यतीत उतरली होती. हिवाळी ऑलिम्पिकमधली पहिली भारतीय महिला.

मामा: दाजींचं सामान्यज्ञान सुरू झालं. मी पोळी गरम करून येतो.

मामी: पुरणपोळीचा फोटो टाकते. वन्सं, बघून घ्या, कुरिअर होत नाही.

मावशी (कॅलगरी): छळा, छळा. 🙄

आई: अगं पण लेकरू रडलं का? तिसरा नंबर म्हणजे ब्राँझ ना? जगात तिसरा!

मावशी (कॅलगरी): ताई, ते तिला सांग. डिसेंबरमध्ये इटलीत तोरिनोला ज्युनिअर ग्रांप्री फायनल झाली. तिथे आमची नादिया बाशिन्स्का आणि पीटर बोमाँट पहिली, कोरियाची हॅना लिम आणि ये क्वान दुसरी, चेक जोडी तिसरी. आणि इथे? चेक पहिली, कोरिया दुसरी, आम्ही तिसरे. निकालाचा कागद कुणीतरी उलटा धरल्यासारखा. तोही घरच्या बर्फावर.

मामा: मग झालंच. पंच विकले गेले. आज होळी आहे, बोंब मारायची ती त्यांच्याच नावाने मारतो.

ताई: झाली सुरुवात

मामा: अगं मग तीन महिन्यांत काय बिघडलं? पडले का ते?

मावशी (कॅलगरी): दादा, पडण्यावर मोजायला हे काही मल्लखांब नाही. पडलं तर एक गुण थेट कापतात, शिवाय त्या घटकाचे गुण जातात ते वेगळेच. पण आइस डान्समध्ये बहुतेक जोड्या पडतच नाहीत. उड्या मारून गरगर तीन-चार गिरक्या घ्यायच्या, जोडीदारणीला हवेत फेकायचं, ते सगळं दुसऱ्या प्रकारात, पेअर्समध्ये. इथे डोक्यावर पूर्ण उचलून धरायलाही बंदी. एकेक लिफ्ट सात सेकंदांच्या आत उरकायची, जोडलिफ्ट असेल तर बारा. जास्त वेळ धरलं तर दंड. म्हणजे दिसायला सोपं. आणि म्हणूनच बघणाऱ्याला कळत नाही की कुठे काय गेलं.

मामा: म्हणजे दिसतच नाही त्याचे मार्क. उत्तम. आमच्या दहावीच्या तोंडी परीक्षेसारखं.

बाबा: नऊ पंच असतात आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा सोडून बाकीच्यांची सरासरी धरतात. एकट्यादुकट्याने ठरवून फार काही होत नाही.

मावशी (कॅलगरी): आणि पंचांच्याही आधी वेगळं तांत्रिक मंडळ असतं. ते रिप्ले बघून ठरवतं की हा घटक लेव्हल १चा की ४चा. थर्ड अंपायर म्हण. पंच मग त्यावर उणे पाच ते अधिक पाच देतात. ४ची लेव्हल ३ झाली की प्रेक्षक टाळ्या वाजवतच असतात, आणि गुण मात्र निघून गेलेले असतात. स्केटच्या पात्याची धार आतली धरायची की बाहेरची, इतक्यावर.

मामा: हां, म्हणजे अंपायर्स कॉल. आता कळलं. आणि आता जास्तच राग आला.

*संध्याकाळी ७:५८*

आजी: मी बोलून लिहिते आहे चूक झाली तर समजून घ्या. टॅबवर तो नाच बघितला. नवरा बायको इतके लहान कसे

ताई: आजी, कुठले?

आजी: ते पहिले आले ते. गोरे. टँगो का काय तो करत होते

मावशी (कॅलगरी): आई, ते भाऊ-बहीण आहेत! कातेर्झिना म्राझकोव्हा आणि दानिएल म्राझेक.

आजी: मग आडनाव वेगळं कसं

बाबा: चेक भाषेत बाईच्या आडनावाला 'ओव्हा' लागतं. म्राझेकच्या घरातली म्राझकोव्हा. आपल्याकडे पाटलाची पाटलीण, तसं.

आजी: बरं. पण भावाबरोबर टँगो

मामी: मी हेच विचारणार होते, पण गप्प बसले 😅

मामा: हेच तर! कोर्टात जा म्हणावं.

ताई: अरे, टँगो त्यांनी निवडला नाही, सक्तीचा होता. पहिल्या दिवशीच्या रिदम डान्सला दर मोसमात ठरावीक ताल किंवा विषय येतो. या वर्षी ज्युनिअर्सना अर्जेंटाइन टँगो. त्यातला एक तुकडा तर पावलापावलाने ठरलेला. सगळ्यांना तोच, रिंकवर त्याच जागी, तीच वळणं. एकच बंदिश वीस जणांनी गायची, मग कोण सुरात आहे ते लगेच कळतं.

बाबा: ही उपमा चांगली आहे.

ताई: आणि भावंडांची परंपराच आहे या खेळात. गेल्या वर्षी टालिनला अमेरिकेचे ऊना आणि गेज ब्राउन जिंकले, बहीण-भाऊ. २०१७ला रेचल आणि मायकेल पार्सन्स, तेही. माया आणि अ‍ॅलेक्स शिबुतानी तर ज्युनिअरच्या रौप्यपदकावरून थेट २०१८च्या ऑलिम्पिक ब्राँझपर्यंत गेले. लहानपणापासून एका घरात, एका गाडीतून रिंकवर. दुसऱ्याच्या लेकराला जोडीदार म्हणून शोधत फिरायला नको. खर्चही निम्मा.

मामी: खर्च निम्मा हे पटलं.

मावशी (कॅलगरी): वहिनी, निम्मा नाही हो. बुटांचं बिल एकाच पत्त्यावर दोनदा येतं. मला विचारा.

आजी: भावाबहिणीने प्रेमाचा नाच करू नये असं मी म्हणत नाही. पण ते एकमेकांकडे बघत नव्हते. समोर बघत होते. मला ते आवडलं. ज्याचं त्याने काम करावं

ताई: आजी 🙏 हे मी कॉमेंट्रीत ऐकलं नाही अजून

*रात्री ८:१२*

मामा: रशिया कुठे होता? मला आठवतं, हा खेळ म्हणजे रशियावाल्यांची जहागीर.

मावशी (कॅलगरी): युक्रेनवर हल्ला झाल्यापासून, म्हणजे गेल्या वर्षीच्या मार्चपासून रशिया आणि बेलारूस दोन्ही बाहेर आहेत.

मामा: म्हणजे मैदान मोकळं. मग या पदकाला काय किंमत?

मावशी (कॅलगरी): असं नाही हं दादा. २०१९ला झाग्रेबमध्ये रशियाच्या दोन जोड्या व्यासपीठावर होत्या, आणि मधोमध उभी होती आमची मार्जोरी लाजवा आणि झॅकरी लागा. २०२०ला अमेरिका पहिली, जॉर्जिया दुसरी, रशिया तिसरी. जहागीर केव्हाच फुटली आहे.

मामा: "आमची मार्जोरी"! पासपोर्ट मिळाला वाटतं.

मावशी (कॅलगरी): गप.

आई: कोरियाची मुलं छान होती गं. मला ती मुलगी फार आवडली.

मावशी (कॅलगरी): ताई, त्यांचीच तर खरी बातमी! आशियातल्या देशाच्या जोडीला ज्युनिअर वर्ल्डमध्ये आइस डान्सचं पदक आजवर मिळालंच नव्हतं. इतर प्रकारांत जपान तुफान आहे. या वेळी मुलींमध्ये माओ शिमादा, वय चौदा, मुलांत काओ मिउरा, दोघं सुवर्ण. पण आइस डान्स हा वर्षानुवर्षं युरोप आणि अमेरिकेचाच कोपरा.

मामा: मग कोरियात शिकून आली का ती जोडी?

मावशी (कॅलगरी): मॉन्ट्रिअलला 😄 हॅना तिथलीच जन्माची. दोघं तिथल्याच आइस अकादमीत. म्हणजे बघायला गेलं तर कॅनडात वाढलेल्या दोन जोड्या पदकावर. पिल्लूला हेच सांगतेय, तर म्हणते, मग झेंडा आपला का नाही?

बाबा: तिला सांग, स्केटिंगच्या नियमात जोडीला देश एकच निवडावा लागतो, वर्ल्डपर्यंत नागरिकत्वाचं फार अडत नाही. ऑलिम्पिकला मात्र दोघांकडे त्याच देशाचा पासपोर्ट हवा.

मामा: दाजी, तुम्ही रिटायर झाल्यावर नेमकं काय काय वाचता हो?

बाबा: तुमचे गुड मॉर्निंग सोडून सगळं.

*रात्री ८:२१*

पिल्लू (कॅलगरी): मी आईच्या फोनवरून. मला राग आलाय. नादिया आणि पीटर बेस्ट होते. त्यांच्या ट्विझल्स बघा.

मामा: ट्विझल म्हणजे?

पिल्लू (कॅलगरी): एका पायावर पुढे जात जात गोल गोल फिरायचं. दोघांनी एकदम. थांबायचं नाही. दुसरा पाय टेकला की गेलं.

मामा: बाळ, आमच्याकडे एकतीस डिसेंबरला काही लोक असंच चालतात.

मामी: अहो!!

आजी: पिल्लू तू रडू नको. मी सांगते. लहानपणी आम्ही फुगडी घालायचो. फुगडीत हात घट्ट धरलेले असतात. एकीने ओढलं की दुसरीचा तोल आपोआप राहतो. तुझे हे लोक हात सोडून फुगडी घालतात. मधे दोन हात अंतर. एकीने जरा जोर लावला की दुसरा मागे राहिला. मी तिघांचे व्हिडिओ ते अंतर बघायला परत परत लावले

मावशी (कॅलगरी): आई, पंच तेच बघतात!! अंतर किती आणि दोघं एका वेळी फिरतात का. तुला हे कुणी सांगितलं?

आजी: कुणी कशाला सांगायला हवं. झिम्मा खेळलेय मी

ताई: मग आजी, तुझा निकाल?

आजी: कोरिया

मामा: फुटला पेपर.

पिल्लू (कॅलगरी): आजी 😭😭

आजी: खोटं कशाला बोलू. त्या दोघांचे गुडघे सारखे वाकतात. चेकवाल्यांचे पाय वेगवान आहेत पण मुलगा कधी कधी पुढे जातो. तुझ्या कॅनडावाल्यांचे चेहरे फार छान. पण मी पायच बघत होते

मामा: आईला पंच म्हणून पाठवा. दहावा पंच, सदाशिव पेठ.

*रात्री ८:३३*

ताई: पिल्लू, ऐक. २००५ला हीच स्पर्धा कॅनडातच होती, ओंटारिओत, किचनर नावाच्या गावी. तिथे तुमची एक जोडी घरच्या प्रेक्षकांसमोर दुसरी आली. पुढच्या वर्षी ल्युब्लियानाला जाऊन तीच स्पर्धा जिंकली. नाव ओळख.

पिल्लू (कॅलगरी): टेसा आणि स्कॉट????

ताई: टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर. मग २०१० आणि २०१८, दोन ऑलिम्पिक सुवर्ण. आणि २०१३ला मिलानला दुसरी कोण आली होती? पापादाकिस आणि सिझेरॉन. २०२२ला ऑलिम्पिक जिंकले ते.

मामा: म्हणजे दुसरं येणं फायद्याचं. पण ही पोरं तिसरी आलीत, त्याचं बोला.

ताई: मामा, तू कुणाच्या बाजूने आहेस?

मामा: मी पोळीच्या बाजूने.

मावशी (कॅलगरी): मला तर मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्सची गंमत वाटते. ज्युनिअरचं सुवर्ण दोघांकडे आहे, पण वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. त्याने २००८ला एमिली सॅम्युएलसनबरोबर, तिने २००९ला ग्रेग झुर्लीनबरोबर. मग जोड्या फुटल्या आणि ही दोघं एकत्र आली. आता साखरपुडाही झालाय.

मामी: हे मात्र मालिकेसारखं झालं. यात मला रस आहे.

आई: मग भावंडांची जोडी फुटली तर काय होतं गं? वेगळीकडे जातात?

बाबा: भावंडांच्या जोड्या फुटत नाहीत, फक्त वाटणीचे खटले होतात.

मामा: दाजी, हे माझ्याकडे बघून बोललात का?

बाबा: मी समोर बघून बोललो. आजींना आवडतं ते.

*रात्री ८:४०*

मावशी (कॅलगरी): पिल्लूने दूध संपवलं! शाळेला उशीर झालाय. आजच संध्याकाळी तिचा क्लास आहे.

पिल्लू (कॅलगरी): आजी, मी ट्विझलचा व्हिडिओ पाठवीन. माझ्या तीन होतात. मग पाय टेकतो.

आजी: पाठव. समोरून नको काढू. बाजूने काढ. गुडघे दिसायला हवेत

मामी: आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं चाकांच्या स्केट्सवर हेच करायला जातात आणि वॉचमनवर आदळतात. त्यांनाही आईंकडे पाठवते.

आजी: पाठव. पण जेवायच्या आधी