कलम ३७ ची जाहीर सूचना : नदीकाठचं आरक्षण वाचवायला हरकत कशी लिहू? (मदत हवी आहे)

मंडळी, काम तातडीचं आहे. नगररचनेतल्या जाणकारांनी आणि ज्यांनी स्वतः सुनावणीला उभं राहून पाहिलंय त्यांनी कृपया लिहावं.

आम्ही बोरिवलीत दहिसर नदीच्या काठाला राहतो, पगडीच्या जुन्या इमारतीत. मागे नदीच्या वळणावर एक मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात ती उद्यानासाठी आरक्षित आहे. उद्यान झालं नाही, पण दोन उंबर आणि करंजाची रांग टिकली, आणि मुख्य म्हणजे माती उघडी राहिली. तुळशी तलावाकडून, नॅशनल पार्कातून येणारं पाणी पावसाळ्यात फुगलं की आधी तिथे पसरतं, मग आमच्याकडे येतं. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. सासरे सांगतात, ते चढायला तासभर लागला आणि तेवढ्यात शेजारच्या आजींना उचलून वर नेता आलं. तो एक तास त्या जागेने दिला, असं आमच्या घरात सगळे मानतात.

गेल्या आठवड्यात पेपरात बारीक टायपात सूचना आली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ३७ खाली फेरबदल : आरक्षण वगळून जागा निवासी विभागात. हरकतींना एक महिना, त्यातले नऊ दिवस गेले. नकाशा पाहायला गेले तर संबंधित कार्यालयात 'साहेब साइटवर आहेत' हे दोनदा ऐकून परत आले.

कायदा मी बसून वाचला. कलम ३७ चा फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा, अशी अट आहे. हरकत कोणीही घेऊ शकतं, पण सुनावणी मिळते ती 'बाधित' व्यक्तींना. माझी पहिली अडचण इथेच आहे. आम्ही त्या जागेचे मालक नाही, लगतचे भूधारकही नाही, पगडीचे भाडेकरू आहोत. पूर आला की पाणी आमच्या घरात शिरतं, एवढ्यावर आम्ही बाधित ठरतो का? हे कुणी मान्य करून घेतलंय का?

दुसरं म्हणजे नदीसाठी आधार कोणता घ्यायचा. राज्याचं नदी नियमन क्षेत्राचं धोरण २०१५ मध्ये रद्द झालं, म्हणजे काठापासून अमुक अंतर मोकळं ठेवा असं म्हणायला तो आधार उरला नाही. मग पूररेषांवर बोलावं का? निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. की नॅशनल पार्कभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनवर, म्हणजे बांधकामांवर निर्बंध असलेल्या संवेदनशील पट्ट्यावर? ती अधिसूचना ५ डिसेंबर २०१६ ची आहे आणि झोनची रुंदी जागेनुसार १०० मीटर ते ४ किलोमीटर आहे. आमची जागा हद्दीच्या आत की बाहेर, हे नकाशावर कसं ताडून पाहायचं?

इमारतीतल्या एका काकांचं म्हणणं, सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन देऊ. मला वाटतं प्रत्येक घराने वेगळं पत्र द्यावं, आपापल्या घरात पाणी कुठवर आलं ते लिहून. चुकतेय का मी?

प्रतिसाद

ताई, चुकत नाही आहात. वेगवेगळी पत्रंच द्या आणि प्रत्येकावर आवक शिक्क्याची पोच घ्या. शेवटचं वाक्य न विसरता लिहा : 'मी बाधित असून मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.' भाडेकरू म्हणून लाजू नका. कायद्यात 'मालक' म्हटलेलं नाही, 'बाधित व्यक्ती' म्हटलंय. भाडेपावती आणि २००५ चे फोटो, पंचनामा असेल तर तोही जोडा.

माहिती अधिकाराच्या भरवशावर थांबू नका. उत्तराला ३० दिवस मिळतात, तोवर तुमचा महिना संपेल. अर्ज टाका, पण हरकत आधी द्या. नगर भूमापन क्रमांक घेऊन त्या जागेचा डीपी रिमार्क (विकास आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे, याचा दाखला) काढा, आरक्षण त्यात कागदावर दिसेल.

पूररेषा, झोन सगळंच लिहा, पण सुरुवात 'स्वरूप बदलतं' या मुद्द्याने करा. कारण पुढे दरवाजे वेगळे आहेत. राष्ट्रीय हरित लवाद (पर्यावरणाचे खटले ऐकणारं न्यायपीठ) ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतो, त्यांच्या यादीत नगररचना कायदा नाही, फेरबदलाला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालय. झोनची अधिसूचना मात्र १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालची, तिचा भंग झाला तर लवाद, आणि तिथे सहा महिन्यांची मुदत असते. हरकतीत जो मुद्दा नाही, तो नंतर काढला की 'तेव्हा का नाही बोललात' हे ऐकावं लागतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. 'बाधित व्यक्ती' हे शब्द आत्ताच सासऱ्यांना वाचून दाखवले, ते भाडेपावत्यांची पिशवी काढून बसलेत. आमच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ अजून आहे, तिचा फोटो टेप लावून घेते. उद्या डीपी रिमार्कसाठी जातेय. झोनचा नकाशा ताडून पाहणं कुणाला जमत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जागेचा भूमापन क्रमांक पाठवते.