मदत हवी आहे : पावसाळ्यात बोर्डगेम्स टिकवायचे कसे? (देवगड, गावचे वाचनालय)

खाडीकाठ
देवगड तालुक्यातल्या एका गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांसाठी खेळांचे कपाट करायचे आहे. सध्या कॅटान, कारकासोन, स्प्लेंडर आणि पूर्ण मापाचा एक कॅरम आहे. खोली जांभ्याची, वर कौले, एसी नाही. जून लागल्यापासून आर्द्रता ८५ ते ९० टक्के दाखवते. कॅटानचे पत्ते कमानीसारखे वळलेत, त्याच्या समुद्राच्या पट्ट्या फुगल्याने एकमेकींत नीट बसत नाहीत आणि एका खोक्याच्या तळाला पांढरी बुरशी आहे. चपलांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक खेळात चार-चार टाकल्यात, फरक काहीच नाही.

सिलिका नेमकी किती लागते? पत्त्यांना कोणत्या मापाची स्लीव्ह (पत्त्यावर चढवायची पारदर्शक प्लास्टिकची पिशवी) घ्यावी? भर पावसातही टेबलावर ठेवता येईल असा नवा खेळ कोणता? आणि कॅरमवर स्ट्रायकर अडतो, त्याला काय करावे?

पटकरी
पुड्या कमी पडतात त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. पुठ्ठा हवेतले पाणी पितो. तुमच्याकडच्या आर्द्रतेला त्याच्या वजनात साधारण १४ टक्के पाणी असते, ५० टक्के आर्द्रतेला ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक किलो पुठ्ठा कोरडा करायचा तर ६०-७० ग्रॅम पाणी बाहेर काढावे लागते. ५० टक्के आर्द्रतेला सिलिका स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे पाणी धरते. तेव्हा किलोभर पुठ्ठ्याच्या एका खेळामागे ३०० ते ३५० ग्रॅम सिलिका हवी. तुमच्या चार पुड्यांनी एक ग्रॅमही पाणी निघत नसेल.

सुटी नारिंगी सिलिका किलोवर घ्या. निळी नको, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि कपाट मुलांच्या हाताखालचे आहे. जुन्या मलमलीच्या १०० ग्रॅमच्या पुरचुंड्या बांधा. झाकणाला रबरी पट्टी असलेला ३०-४० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, खेळांची खोकी झाकणे काढून आत ठेवा, बाजूला पुरचुंड्या आणि छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र). पहिले काही दिवस रोज पाहा. दाणे हिरवट झाले की पुरचुंडी बदला. आकडा ५० वर येऊन तिथेच थांबला की खेळ वाळले असे समजा. त्यानंतर सिलिकेला फक्त झाकण उघडताना शिरणारी ओल सांभाळायची असते, तेव्हा महिन्यातून एकदा पाहिले तरी चालते. ४० च्या खाली मात्र नेऊ नका, अति कोरडे पत्ते उलट्या बाजूला वळतात.

ओली सिलिका ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ११० ते १२० अंशांवर, पातळ थर पसरून, दोन तास. गॅसवरच्या कढईत तापमान हाताबाहेर जाते, रंग जळतो आणि मग ती ओली की कोरडी हे कळायला मार्ग राहत नाही.

हायग्रोमीटरवर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यावर थेंबभर पाणी टाका, मीठ ओलसर व्हावे पण विरघळू नये. ते बूच आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवे. ८० दिसले तर ५ वजा करून वाचत जा.

सुरंगी
वरचे सगळे झाल्याशिवाय स्लीव्ह घालू नका, हे आधी सांगते. ओला पत्ता स्लीव्हमध्ये गेला की ओल आतच अडकते. स्लीव्हचा उपयोग घामट हात आणि सांडलेला चहा यांच्यापुरता, हवेतली ओल तिच्याने अडत नाही.

वळलेले पत्ते सरळ करायचे तर एकाची फुगीर बाजू दुसऱ्याच्या फुगीर बाजूला लागेल असे आलटून पालटून रचा, वर-खाली सपाट फळी, त्यावर दोन-तीन किलोचे वजन, आणि हे सगळे त्या सिलिकेच्या डब्यातच. उन्हात वाळवू नका. एक बाजू आधी सुकते आणि बाक वाढतो.

माप : कॅटानचे पत्ते ५४×८० मिमी, स्लीव्ह ५६×८२. संसाधनांचे ९५ आणि विकासाचे २५ मिळून १२०, म्हणजे शंभराचे एक पाकीट पुरत नाही. स्प्लेंडरच्या ९० पत्त्यांना नेहमीचे ६६×९१ चालते. पॉलिप्रॉपिलीनचीच घ्या, पीव्हीसी कालांतराने चिकट होते. जाडी पाहताना पिसण्याचाही विचार करा : ५० मायक्रॉनच्या स्लीव्हने शंभर पत्त्यांची उंची सेंटिमीटरभर वाढते, १०० मायक्रॉनच्या स्लीव्हने दोन. कॅटानच्या आतल्या साच्यात मग पत्ते बसत नाहीत. मुलांच्या हाताला ६० मायक्रॉन मला योग्य वाटते.

बुरशी ओली असताना पुसली तर पसरते. खोके आधी वाळवा, मग तोंडाला मास्क लावून अंगणात मऊ ब्रशने झटका. लॅमिनेशन असलेल्या भागावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापडी बोळा एकदाच फिरवा. उघड्या पुठ्ठ्याला द्रव लावू नका.

आणि डांबरगोळ्या! आपल्याकडे कपाट म्हटले की त्या आल्याच. पण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते, पॉलिस्टायरिन तर नक्कीच, आणि सोंगट्या एकमेकींना चिकटतात. शिवाय मुले त्या तोंडात घालू शकतात. कसरीसाठी कपाट कोरडे ठेवणे हाच उपाय धरा.

माडाखाली
नव्या खेळाबद्दल. पावसाळ्यात टेबलावर पुठ्ठा जितका कमी तितके बरे. क्विर्कल घ्या : १०८ लाकडी ठोकळे, सहा आकार, सहा रंग, वाचता न येणारे मूलही दोन ते चार जणांत बसू शकते. दोघांसाठी हाईव्ह : २२ जाड सोंगट्या, पट नाही, ओट्यावरही मांडता येतो. अझूलच्या शंभर फरशा प्लास्टिकच्या, पण खेळाडूंचे पट पुठ्ठ्याचे आणि गुळगुळीत, धक्का लागला की फरशा सरकतात. वाचनालयासाठी मी क्विर्कल आधी घेईन. हाईव्ह आणि अझूल बोर्ड गेम अरीना या संकेतस्थळावर ऑनलाइन खेळून पाहता येतात, पैसे घालण्याआधी तेवढे करा.

टेबलावर २ मिमी जाडीची निओप्रीनची (मऊ कृत्रिम रबराची) मॅट टाका. पत्ता नखाने सहज उचलता येतो, फासे उडत नाहीत. फेल्टचा (नमद्यासारख्या कापडाचा) फाशांचा ट्रे आपल्या हवेत घेऊ नका, आठवड्याभरात कुबट वास येतो. मॅट सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा, गुंडाळताना छापील बाजू बाहेर. उकाड्यात पंखा लावणारच, तेव्हा पत्त्यांच्या गड्ड्या उथळ कडा असलेल्या तबकात ठेवा.

तुम्ही सिंधुदुर्गातच आहात म्हणून सुचवतो : कपाटात सावंतवाडीचा दशावतारी गंजिफाही असू दे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० गोल पाने. तिघे खेळतात, प्रत्येकी ४०. निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा लागतो, ते मुलांना समजावताना एक तक्ता भिंतीवर लावा. हाताने रंगवलेला संच रोजच्या वापरात घालू नका.

पटकरी
कॅरमचे राहिले. स्ट्रायकर अडतो तो बहुतेक वेळा पावडर ओल धरून तिचा थर बसल्याने. कोरड्या सुती कापडाने पट पूर्ण पुसा, पाणी अजिबात नको, मग बोरिक पावडर चिमटीने अगदी विरळ. मैदा किंवा टाल्क नको, मैद्याला मुंग्या लागतात. बोरिक पोटात जाऊ नये म्हणून खेळानंतर मुलांना हात धुवायला लावा. पटावर जुना पिवळा बल्ब टांगता आला तर त्याच्या उष्णतेनेही पृष्ठभाग कोरडा राहतो. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोरात मारला तर पटावरून साडेतीन फेऱ्या जायला हवा, ही नियमातली कसोटी आहे. पुसूनही तेवढा जात नसेल तर प्लाय वाकला आहे का ते मोठी पट्टी तिरपी ठेवून पाहा. आणि कॅरम भिंतीला टेकवून ठेवू नका, जांभ्याची भिंत ओल सोडते. चार विटांवर आडवा ठेवा.

खाडीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. एक किलो नारिंगी सिलिका आणि ४० लिटरचा डबा मागवतो, क्विर्कलही. ओटीजी गावात कोणाकडे नाही. त्याऐवजी बाजारात मिळणाऱ्या, पाणी साठवणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या चालतील का?

सुरंगी
कपाटाच्या तळाशी चालतील, खेळांच्या डब्यात नको. त्यात खारट पाणी साठते, डबी कलंडली आणि ते पुठ्ठ्याला लागले तर तो डाग कधीच वाळत नाही, हवेतली ओल ओढत राहतो. सिलिकेच्या पुरचुंड्या जास्तीच्या करून ठेवा आणि तालुक्याला कोणाकडे ओटीजी असेल तिथे महिन्यातून एकदा सगळ्या एकदम तापवून आणा. परतीच्या वाटेवर त्या घट्ट झाकणाच्या बरणीत असू द्या, नाहीतर घरी पोचेपर्यंत निम्म्या भरलेल्या असतात.