पहिल्यांदाच पोलिंग एजंट: बूथवर काय बघायचं?

प्रश्न: विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये पक्षानं बूथवर बसायला सांगितलंय. तयारी काय करू?

उत्तर १: नमुना १० वर, म्हणजे पोलिंग एजंटच्या नेमणुकीच्या फॉर्मवर, उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही हवी, ते आधी बघ. मतदान सकाळी ७ ला, म्हणजे अभिरूप मतदान (मशीन तपासायचं चाचणी मतदान) साडेपाचला. किमान ५० मतं टाकून निकाल जुळवतात. मग 'क्लिअर' दाबून शून्य आलं का, व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या काढल्या का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. घोळ इथंच होतो. मतं पुसायची राहिली की संध्याकाळी आकडा जुळत नाही.

उत्तर २: मोबाईल घरी ठेव, भावा. बोगस मतदारावर आक्षेप घ्यायला २ रुपये भरावे लागतात, सुट्टे ने.

उत्तर ३: १७-सीची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत घेतल्याशिवाय हलू नको. मोजणीला तोच आकडा लागतो.