चौथीच्या मुलांना गवळी धनगरांचं जगणं कसं शिकवावं?

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, मराठी शाळेत शिकवते. परिसरानुसार माणसाचं राहणीमान कसं घडतं, हा भाग घ्यायचा आहे. माझ्या वर्गातच म्हशी राखणाऱ्या गवळी धनगरांची, धनगरवाड्यावरची मुलं बसतात. त्यांच्यासमोर 'हे लोक जंगलात राहतात' एवढंच वाचून पुढं जायला मन होत नाही. काय करू?

अथणीकर: बाई, मुलांना एवढंच विचारा, आमच्याकडचा धनगर मेंढ्या राखतो, मग तुमच्याकडचा म्हशी का? अथणीचं माळरान कोरडं, आखूड गवतावर मेंढी जगते. तुमच्या तालुक्यातल्या कणकुंबीच्या पावसात तिचे खूर कुजतील. म्हैस मात्र चिखलपाण्यात खुशाल. म्हणून इकडं लोकर, घोंगडं आणि कळपामागची भटकंती, तिकडं दूध-तूप. जिल्हा एकच!

जोयड्याहून: घरंही दाखवा. कारवीच्या, म्हणजे एका रानझुडपाच्या, काठ्यांचा कूड (भिंत), वर शेणमातीचा लेप, पावसाच्या अंगाला गवताचा आडोसा. आमच्या कुणब्यांच्या परसात कंद असतात, जोयड्यात त्यांचा मेळाही भरतो. एखादा कंद मातीसकट वर्गात न्या, मुलांना हाताळू द्या.

प्रश्नकर्ती: मेंढी-म्हशीचा प्रश्न फार आवडला, उद्याच विचारते. पण सगळं पावसावर ढकलणार नाही. आमच्या तालुक्यातलं भीमगडचं जंगल 2011 साली अभयारण्य झालं. अभयारण्यात चराईला निर्बंध असतात, आणि म्हशी कुठं चरायच्या हे त्यावरही ठरतं. तेही सांगणार. कारवीचा कूड कसा विणतात ते धनगरवाड्यावरच्या एखाद्या आजीनंच शाळेत येऊन दाखवावं, असं वाटतं. मुलांकरवी निरोप धाडते.