ड्युटेरियमच्या वाटपाचं गणित: हार्मोनिकवर थांबावं की पाथ इंटिग्रलकडे वळावं?

कंपनवेडा: मिथेन आणि पाण्याची वाफ यांच्यात ड्युटेरियम (जड हायड्रोजन) कसं वाटलं जातं, त्याचा समतोल स्थिरांक काढतोय. बिगलायझन-मेयर सूत्रात (1947, कंपनांच्या वारंवारतेवरून समस्थानिकांचं वाटप काढणारं) हार्मोनिक, म्हणजे आदर्श स्प्रिंगसारख्या कंपनाची, वारंवारता घालून उत्तर आलं. 300 केल्विनला ते कितपत धरायचं? पाथ इंटिग्रलला (प्रत्येक अणूऐवजी स्प्रिंगने जोडलेल्या मण्यांची साखळी घेऊन क्वांटम परिणाम मोजणारं सिम्युलेशन) किती बीड, म्हणजे मणी, लागतील?

शून्यबिंदू: पहिला अंदाज म्हणून चांगलंच आहे. पण हायड्रोजनच्या बाबतीत लहान चूकही महागात पडते. कार्बन-हायड्रोजन (सी-एच) बंधाचं ताणकंपन सुमारे 3000 सेंमी⁻¹, कार्बन-ड्युटेरियमचं (सी-डी) सुमारे 2200. शून्यबिंदू ऊर्जेतला (कंपनाची किमान ऊर्जा, वारंवारतेच्या निम्मी) फरक झाला 400, आणि 300 केल्विनला केटी (उष्णतेच्या ऊर्जेचं माप) त्याच एककात फक्त 208. म्हणजे एकट्या या कंपनाने जवळजवळ सातपट फरक पडतो. त्या 400 मध्ये 20 चुकलं, की गुणोत्तर दहाएक टक्क्यांनी सरकतं. दोन्ही रेणूंतल्या चुका थोड्याफार एकमेकींना कापतात, पण किती कापतात ते तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

बीडचं म्हणाल तर त्या ताणकंपनासाठी एच-बार ओमेगा (कंपनाच्या एका क्वांटमची ऊर्जा) भागिले केटी 14 च्या वर जातं, बीड त्याहून बरेच जास्त हवेत. 32 पासून सुरू करा, 64 वर उत्तर हलतं का पाहा. तापमान उतरवलं की त्या प्रमाणात बीड वाढवा.

वस्तुमान_एक_दोन: दोन समस्थानिकांची दोन वेगळी सिम्युलेशन्स करून मुक्त ऊर्जेची वजाबाकी करू नका, नॉइजमध्ये फरक हरवतो. वस्तुमान हळूहळू बदलत गतिज ऊर्जेचं इंटिग्रेशन करा, तेही वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्तावर. हार्मोनिक कंपनात गतिज ऊर्जा साधारण त्याच प्रमाणात बदलते, त्यामुळे इंटिग्रँड (ज्याचं इंटिग्रेशन करायचं ती राशी) जवळजवळ सपाट होतो आणि मोजकेच बिंदू पुरतात. गतिज ऊर्जा मोजायचं सूत्र, म्हणजे एस्टिमेटर, सेंट्रॉइड व्हिरियल प्रकारचंच घ्या. साध्या एस्टिमेटरमध्ये बीड वाढवले की विखुरणंही वाढतं. आय-पाय हे पाथ इंटिग्रलचं सॉफ्टवेअर वापरून बघा, मोफत आहे.

शून्यबिंदू: आणि आधी पोटेन्शियल (अणूंमधल्या ऊर्जेचं मॉडेल) मुद्दाम हार्मोनिक ठेवून एकदा चालवा. बीड वाढवत नेल्यावर बिगलायझन-मेयरचंच उत्तर यायला हवं. नाही आलं तर दोष कोडमध्ये आहे.

कंपनवेडा: मग पाथ इंटिग्रल खरंच लागणार का? दोन्ही रेणू छोटे आहेत.

वस्तुमान_एक_दोन: वाफच असेल तर दुसऱ्या क्रमाच्या पर्टर्बेशनने (लहान दुरुस्त्या जोडत जाण्याची पद्धत) अनहार्मोनिक, म्हणजे आदर्श स्प्रिंगपासून ढळणाऱ्या कंपनाची, सुधारणा करून भागू शकेल. मात्र द्रव पाणी आलं की पाथ इंटिग्रलला पर्याय नाही. तिथे हायड्रोजन बंधांमुळे ताणकंपन एकीकडे ओढतं, वाकण्याचं आणि डुलण्याचं कंपन दुसरीकडे, आणि निव्वळ परिणाम या दोघांतल्या लहानशा फरकातून येतो. पण पोटेन्शियलवरच आधी वेळ घालवा. तेच ढिलं असेल, तर 64 बीडही चुकीच्याच आकड्यावर स्थिरावतील.